शेवटचं अक्षर आधी

आबांच्या रंगाच्या पेटीत एक हात-आरसा असायचा. लाल प्लॅस्टिकच्या दांड्याचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. तो धरून उभं राहायचं काम माझं. १९८० चा उन्हाळा, मी दहा वर्षांची. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळच्या एका गल्लीत नवं सलून निघालं होतं आणि त्याच्या दर्शनी काचेवर आबा 'केशकर्तनालय' लिहीत होते. दुकानाच्या आत स्टुलावर बसून, रस्त्याकडे तोंड करून, उलटं.

काचेवरचं अक्षर आतून काढतात. बाहेरून काढलं तर पाऊस, धूळ आणि पोरांची नखं त्याला दोन वर्षंही टिकू देत नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला ते सरळ दिसायचं, म्हणजे आतल्या पेंटरनं ते उलटं लिहायचं. आबा उजव्या हाताचे. ओल्या रंगाला मनगट लागू नये म्हणून ते डावीकडून उजवीकडे सरकत, आणि आतून बघताना डावीकडे असतो तो शब्दाचा शेवट. म्हणून सुरुवात 'य' पासून. मग ल, मग ना, मग तो अवघड रफार डोक्यावर घेतलेला त. एकेक अक्षर झालं की ते मान न वळवता म्हणायचे, “धर गं.” मी त्यांच्या खांद्याजवळ आरसा काचेकडे तोंड करून धरायची. ते तिरप्या नजरेनं त्यात बघायचे, आणि त्या वीतभर आरशात उलटा ल सरळ होऊन उभा असायचा.

आणखी एक गोष्ट उलटी होती. पत्र्यावर आधी पार्श्वभूमीचा रंग, मग अक्षर, मग शेड, आणि सगळ्यात शेवटी कडेची ती केसासारखी पांढरी रेघ, जिच्यामुळे अक्षर फुगीर दिसतं. काचेवर ती रेघ पहिली. काचेला जो रंग आधी लागला तोच बाहेरच्याला पुढे दिसणार, नंतरचे सगळे त्याच्या मागे. चूक झाली तर वरून दुरुस्ती नाही, ब्लेडनं सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. “पत्र्यावर सुधारता येतं पोरी,” आबा म्हणायचे, “काचेवर शेवट ठरवूनच ब्रश उचलायचा.”

सध्या मी त्याच सलूनच्या काचेचं चित्र रंगवते आहे. तेलरंगात, चार फूट बाय तीन फूट. सकाळी शाळेत पोरांची चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घ्यायची आणि रात्री दोन तास हे, असं गेलं वर्षभर चाललंय. ज्याच्यामुळे हे चित्र काढायचं धाडस झालं तो चित्रकार कोल्हापूरचा नाही, भारतातलाही नाही. त्याचं नाव रिचर्ड एस्टेस. वयानं तो माझ्या आबांहूनही चार वर्षांनी मोठा, पण ज्याचं काम जिवाभावाचं वाटतं त्याला आपण एकेरीच म्हणतो, म्हणून इथंही तसंच म्हणते.

त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते चित्रकलेचा डिप्लोमा करताना, एका वाईट दिवशी. आम्हाला स्थिरचित्राला पितळी तांब्या दिला होता. तो लख्ख घासलेला होता आणि त्याच्या पोटात सगळा वर्ग दिसत होता: वाकलेली खिडकी, खिडकीतलं आंब्याचं झाड, आणि खाली हरभऱ्याएवढं माझं डोकं. मी ते सगळं रंगवलं, चार दिवस लागले. सरांनी पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “कॅमेरा आहे ना जगात? मग तुझी काय गरज?” वर्ग हसला. ते वाक्य पुढे कित्येक वर्षं माझ्या हातात आणि ब्रशात येऊन बसत असे.

मला त्या वाक्याचा अर्थच लागत नव्हता. मी ज्या घरात वाढले तिथे 'एकदम फोटो!' यापुढे कौतुक नव्हतं. आमच्या पेठेत कुणी गणपतीमागचा देखावा रंगवला की लोक जवळ जाऊन पानांच्या शिरा मोजायचे आणि मग मान डोलवायचे. ही गावाची जुनी सवय आहे. चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा तलावाचा संध्यामठ आणि कोटितीर्थ पुन्हापुन्हा रंगवत राहिले, ते इथंच. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे. रंगवलेला महाल खरा वाटायचा म्हणून लोकांनी त्यांच्या आडनावाच्या जागी 'पेंटर' लावलं आणि तेच कायम राहिलं. या दोघांनी हुबेहूब पडदे रंगवले आणि त्याच हौसेपायी सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा इथंच, कोल्हापुरात, बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आणला. कॅमेरा आला म्हणून आता तुझी गरज काय, असं त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे उत्तर मला सरांसमोर द्यायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

मी लायब्ररीत जाऊन बसले. तिथे पाश्चात्त्य कलेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पानं पिवळी, चित्रं पोस्टकार्डाएवढी. शेवटच्या काही पानांत एक फोटो होता: टेलिफोनचे चार बूथ ओळीनं, अॅल्युमिनियमच्या चौकटी, काचा, आत पाठमोरी माणसं आणि काचांवर सांडलेला सगळा रस्ता. पुस्तकात फोटो कशाला छापलाय, म्हणून मी खालची ओळ वाचली. 'टेलिफोन बूथ्स', १९६७, अॅक्रिलिक रंग. मी ती ओळ परत वाचली. मग मापं वाचली: १२२ बाय १७५.३ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास आमच्या घरातल्या पलंगाएवढं चित्र. ते कुणीतरी हातानं रंगवलं होतं, आणि त्याला पुस्तकात जागा मिळाली होती.

तेव्हा आपल्याकडे एसटीडीचे बूथ नुकते फुटत होते. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं, 'एसटीडी आयएसडी पीसीओ', असे कितीतरी बोर्ड आबांनी त्या दोन-तीन वर्षांत लिहिले. लक्ष्मीपुरीत, स्टँडजवळ, गंगावेशीत. घरी गेल्यावर मी आबांना म्हणाले, अमेरिकेत एकानं टेलिफोन बूथचं चित्र काढलंय. आबा म्हणाले, “त्यात काय काढायचं?” मग थोड्या वेळानं, “काच कशी केली त्यानं?”

त्यांचा हा प्रश्न माझ्या सरांच्या प्रश्नापेक्षा फार मोठा होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि बरी गेली.

एस्टेसचा जन्म १४ मे १९३२ चा, इलिनॉय राज्यातल्या केवानी नावाच्या लहानशा गावातला. पुढे तो शिकागोला आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकला, १९५२ ते १९५६. ही शाळा म्युझियमला लागून आहे. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर काचेमागे उजळलेलं खानावळीचं दृश्य, एडवर्ड हॉपरचं 'नाइटहॉक्स', तिथे १९४२ पासून आहे. शाळेत त्यानं माणसाची आकृती काढायचं पक्कं शिक्षण घेतलं. मग न्यूयॉर्क. आणि न्यूयॉर्कमध्ये तो लगेच चित्रकार झाला नाही. साधारण दहा वर्षं त्यानं मासिकांसाठी आणि जाहिरात कंपन्यांसाठी मांडणीचं काम केलं, म्हणजे अक्षरं आणि चित्रं पानावर कुठे बसवायची ते. स्वतःची चित्रं रात्री. पूर्णवेळ चित्रांकडे वळला तेव्हा वय तिशीच्या पार गेलं होतं. हा भाग वाचला की मला दर वेळी धीर येतो, कारण माझंही रात्रीचंच काम आहे.

ते दिवस कसे होते तेही बघायला हवं. न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेचा दरारा होता. रंग फेकावा, ओघळू द्यावा, चित्रानं चित्राखेरीज कशाचंच नाव घेऊ नये. अशा गावात हा माणूस बसच्या काचा, मिठाईचं दुकान, औषधाचं दुकान, हार्डवेअरचं दुकान रंगवत बसला होता. १९६८ मध्ये अॅलन स्टोन या गॅलरीवाल्यानं त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. पुढच्याच वर्षी लुई मायझेल या दुसऱ्या गॅलरीवाल्यानं या तऱ्हेच्या कामाला 'फोटोरिअॅलिझम' हे नाव दिलं आणि एस्टेस, चक क्लोज, राल्फ गोइंग्ज, रॉबर्ट बेक्टल, ऑड्री फ्लॅक असे वेगवेगळ्या वाटांचे लोक एका नावाखाली आले. १९७२ मध्ये जर्मनीत कासेलच्या पाचव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ही चित्रं लागली आणि युरोपभर त्यांची चर्चा झाली. टीका काय झाली असेल हे मला वेगळं वाचावं लागलं नाही. माझ्या तांब्यावर झाली होती तीच.

नाव चिकटलं, पण नावानं एक गैरसमजही चिकटवला, की हे लोक फोटो घेतात आणि गिरवतात. काही जण स्लाइड कॅनव्हासवर पाडून रेषा काढून घेत, हे खरं आहे. त्यातही कष्ट आहेतच. एस्टेस तसं करत नाही. तो एका जागेचे पुष्कळ फोटो काढतो, थोडं इकडून, थोडं तिकडून, एक काचेसाठी, एक आकाशासाठी. मग ते बाजूला ठेवून, बघून, हातानं चित्र मांडतो. खालचा थर पातळ अॅक्रिलिकचा, झपझप. त्यावर तेलरंगाचे थर, सावकाश. एखादी पाटी सरकवतो, खांब काढून टाकतो, इमारत थोडी रुंद करतो. त्यानं रंगवलेल्या जागी जाऊन कुणी कितीही कॅमेरे लावले तरी ते चित्र फोटोत मिळत नाही, कारण ते दृश्य एका जागी उभं राहून दिसतच नाही.

हे मला कळायला गुजरी, म्हणजे आमची सराफांची पेठ, उपयोगी पडली. मोठ्या वहिनींबरोबर मंगळसूत्र बघायला गेले होते, भर दुपारी. सराफाच्या काचेपुढे उभी राहिले तर आतलं काहीच दिसेना. काचेत समोरची इमारत, विजेच्या तारा, रिक्षा, सगळं स्वच्छ. मी दोन पावलं पुढे सरकले आणि काचेत माझी काळी सावली पडली तिथे, फक्त त्या सावलीच्या आकारात, आतले दागिने दिसले. सावलीच्या कडेला ते तुटले आणि पुन्हा रस्ता सुरू झाला. माझ्या डोक्याच्या जागी ठुशी होती, खांद्याच्या जागी कोल्हापुरी साज. वहिनी आत बोलावत होत्या आणि मी बाहेर डोकं हलवून हलवून बघत होते की माझ्या हलण्याबरोबर दुकान कसं हलतं. काचेत आतलं दिसतं ते बाहेरच्या उजेडाला कुणी अडवतं तेवढ्यापुरतं. उजेड जास्त तिथे प्रतिबिंब, अंधार तिथे आतलं घर.

आणि एक गोष्ट. डोळा दागिन्यावर बसवला की रस्ता पुसट होतो. रस्त्यावर बसवला की दागिना विरघळतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तेच: काच, आतली वस्तू आणि मागचं प्रतिबिंब ही तीन अंतरं आहेत, त्यातलं एक धरलं की दुसरं सुटू लागतं. एस्टेसच्या चित्रात तिन्ही सारखीच टोकदार असतात. पाच फुटांवरचा मिठाईचा डबा, काचेवरचं अक्षर आणि रस्त्यापलीकडची दहाव्या मजल्यावरची खिडकी. असं कुणालाच कधी दिसलेलं नाही. ते बघताना डोळ्यांना जी एक शिरशिरी येते, सगळं ओळखीचं असून परकं वाटतं, ती यामुळे.

२०१४ मध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन अमेरिकेत भरलं, आधी मेन राज्यातल्या पोर्टलँडला, मग वॉशिंग्टनला. तो ब्याऐंशी वर्षांचा होता, आबा अठ्ठ्याहत्तरचे. जाणं शक्यच नव्हतं. पण त्या निमित्तानं मी म्युझियमांच्या वेबसाइटवर त्याची चित्रं मोठी करून बघायला शिकले, आणि तिथे मला आयुष्यातलं एक मोठं आश्चर्य भेटलं. पोस्टकार्डाएवढी छापली तेव्हा ती चित्रं पुन्हा फोटो झाली होती. मोठी केली, आणखी मोठी केली, तर फोटो मोडला. जी मला क्रोमची चकाकी वाटत होती ती निळ्या-करड्या रंगाच्या चार फटकाऱ्यांची होती, सैल, मोकळ्या हाताच्या. दूरच्या खिडक्या म्हणजे नुसते ठिपके. मी इतकी वर्षं समजत होते की हा माणूस श्वास रोखून तीन केसांच्या ब्रशनं रंगवतो. तो तर दांडगा पेंटर निघाला.

मी आबांना बोलावून खुर्चीवर बसवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, नजर परत आली होती. मी एकामागून एक चित्रं दाखवली. ते काहीच बोलेनात. मग एका चित्रात दुकानाच्या काचेत समोरच्या पाटीची इंग्रजी अक्षरं उलटी पडलेली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. आबांचं इंग्रजी बोर्डापुरतं, शब्दांचा अर्थ त्यांना नाही लागायचा, पण अक्षराचं पोट आणि पाय त्यांना कुठल्याही लिपीत ओळखता यायचे.

“ह्यो बोर्ड लिहिणारा हाय,” ते म्हणाले.

“नाही आबा, चित्रकार आहे.”

“आगं आसंल की चित्रकार. पर बघ, उलटं अक्षर बघून उतरवलेलं आसलं की ते मेल्यासारखं पडतंय. ह्याला आधी सरळ अक्षर म्हाईत हाय. दोन अक्षरांतली जागा बघ.”

मी त्यांना त्याच्या दहा वर्षांच्या मांडणीच्या नोकरीबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. आबा नुसतं “मग!” म्हणाले आणि आणखी दाखव अशी खूण केली. त्या दिवशी आम्ही जेवायला तीन वाजता बसलो.

आबांचं स्वतःचं काम त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं. कोल्हापुरात फ्लेक्सची मशिनं आली तसं हळूहळू नव्हे, दोन-तीन दिवाळ्यांतच बोर्ड लिहून घेणारं गिऱ्हाईक थांबलं. महाद्वार रोडवर आबांच्या हातचे किती बोर्ड होते ते आम्ही लहानपणी चालता चालता मोजायचो. वाढदिवसाच्या आणि शुभेच्छांच्या फ्लेक्समागे ते एकेक झाकत गेले, मग उतरले, मग कुणाच्या तरी परड्यात पत्रा म्हणून गेले. एस्टेसच्या न्यूयॉर्कमध्येही वेगळं झालेलं नाही. त्यानं १९६७ मध्ये रंगवलेले ते टेलिफोन बूथ, त्या काळची नाणं टाकून खाणं घ्यायची उपाहारगृहं, रंगीत नळ्यांच्या पाट्यांची मिठाईची दुकानं, यातलं फार थोडं उरलंय. त्यानं ते जपण्यासाठी रंगवलं असं मी म्हणणार नाही. त्याला काच हवी होती, क्रोम हवं होतं, उन्हाचा तिरपा पट्टा हवा होता. पण समोरच्या गोष्टीकडे इतका वेळ कुणी बघितलं की ती आपोआप जपली जाते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा सगळं गाव आपापल्या मोबाइलमध्ये त्याचे फोटो शोधत होतं. फोटो पुष्कळ सापडले, आणि बहुतेकांत पुढे आपणच उभे होतो.

आता जिथे माझं त्याच्याशी पटत नाही ते सांगते. एस्टेसचे रस्ते रिकामे असतात. रविवारच्या सकाळसारखे. माणूस असलाच तर लांब, नाहीतर काचेत अर्धा. कचरा नाही, चिखल नाही, पानाची पिंक नाही. १९७५ च्या सुमाराला न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, रस्त्यांवर घाणीचे ढीग साचत, आणि याच्या चित्रात फूटपाथ धुतलेला. मी याचं समर्थन खूप वाचलंय आणि मला ते अर्धंच पटतं. मान्य, की माणूस आला की डोळा आधी त्याच्याकडे जातो आणि काच मागे पडते. पण कोल्हापूर माणसांशिवाय कसं रंगवायचं? पहाटे सहाला गंगावेशीत जा. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, धारोष्ण दुधाचे पेले हातोहात फिरत असतात, आणि शेजारच्या मोबाइलच्या दुकानाच्या काचेत म्हशीचं शिंग, पेला धरलेला हात आणि मागची नव्या फोनची जाहिरात एकमेकांत मिसळलेली असतात. ते मी तीनदा रंगवायला घेतलं आणि तीनदा सोडलं. म्हैस काढून टाकली असती तर कदाचित जमलं असतं. ती काढायची नाही हे मात्र माझं पक्कं आहे.

आणि पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती चढत चढत ५५ फुटांच्या वर गेली. व्हीनस कॉर्नरला बोटी फिरल्या. चौथ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि पाण्याच्या कडेला उभं राहून मी बघितलं तर सगळा चौक उलटा उभा होता: इमारती, होर्डिंगं, विजेचे खांब, ढग, आणि कुठे एक सुरकुती नाही. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात निर्दोष प्रतिबिंब ते. खाली लोकांचे संसार बुडलेले होते आणि माझे डोळे ते प्रतिबिंब सोडेनात. फोटो काढायला हात खिशाकडे गेला आणि मी तो परत घेतला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, आणि ते चित्र मी कधी काढणारही नाही.

पाणी ओसरल्यावर त्या सलूनपाशी गेले. खुर्च्यांच्या गाद्या रस्त्यावर वाळत होत्या. काचेवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ, जणू कुणी खडूची दोरी मारून आखलेली. रेघेच्या वर, वितभर वर, 'केशकर्तनालय'. एकाही अक्षराचा टवका उडाला नव्हता. आबा त्याआधी दोन वर्षं गेले होते. २०२१ मध्ये पाणी परत आलं, काचेची लाकडी चौकट कुजली, आणि मालकांच्या मुलानं सांगितलं, “मावशी, आता सगळंच बदलतोय, अॅल्युमिनियम घालतोय. तुम्हाला फोटो काढायचे असले तर काढून घ्या.”

मी पाच सकाळी गेले. एस्टेसनं १९७६ मध्ये 'डबल सेल्फ पोर्ट्रेट' नावाचं चित्र काढलंय. खानावळीच्या काचेत तो स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभा दिसतो, आणि आतल्या भिंतीवरच्या आरशात पुन्हा एकदा, लहान होऊन. ते चित्र मला पाठ होतं, आणि तरी काचेपुढे उभी राहिले तेव्हाच लक्षात आलं की सलूनमध्ये समोरच्या भिंतीला आरसा असतो. बाहेरून मी आबांची अक्षरं सरळ वाचत होते. माझ्या सावलीच्या आकारात आतली खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीच्या पलीकडे आरशात तीच अक्षरं पुन्हा, लहान आणि सरळच. आत गेले, मागे वळून पाहिलं, तर काचेवर उलटी. खुर्चीत बसून आरशात पाहिलं की परत सरळ. चाळीस वर्षं इथं दाढीचा साबण लावून बसलेल्या प्रत्येक माणसानं आबांचं अक्षर आरशातून सरळ वाचलं होतं. आबा ज्या स्टुलावर बसले होते ती जागा आणि मी आरसा धरून उभी होते ती जागा, दोन्ही त्या खुर्चीतून दिसतात.

चित्राचं बाकीचं सगळं आता झालंय. चिखलाची रेघ ठेवली आहे. आधी खालून अॅक्रिलिकचा पातळ थर, मग तेलरंग, त्याच्यासारखंच. आत आधी रंगवून वर प्रतिबिंब चढवावं असं सुरुवातीला वाटलं होतं. तसं केलं की काच ऐवजी धूर होतो. शेवटी प्रत्येक बोटभर जागेचा एकच रंग शोधावा लागला, ज्यात आतली खुर्ची किती आणि बाहेरचा विजेचा खांब किती हे त्या जागेपुरतं ठरलेलं असतं. असं बोटाबोटानं आठ महिने.

अक्षरं मात्र राहिली होती. गेल्या आठवड्यात घ्यायला बसले. सरळच लिहायची होती, डावीकडून, 'के' पासून. मला सोपं वाटलं. दोन अक्षरं काढली आणि ती आबांची दिसेनात. मापं बरोबर, रंग बरोबर. फोटो मोठा करून बघत बसले. अर्ध्या तासानं दिसलं की ब्रशचा फटकारा ज्या बाजूला जाड सुरू होतो आणि ज्या बाजूला निमुळता सुटतो, त्या बाजू माझ्या उलट्या होत्या. आबा आतून डावीकडून उजवीकडे ओढत होते. बाहेरून बघणाऱ्या मला तो प्रत्येक फटकारा उजवीकडून डावीकडे आलेला होता.

दोन्ही अक्षरं कापडानं पुसली. आबांची हात टेकायची काठी पेटीतून काढली, कारण आता माझं मनगट ओल्या रंगावरून जाणार होतं. आरसाही काढला. धरायला कुणी नव्हतं, म्हणून मागे टेबलावर रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात कॅनव्हास उलटा दिसत होता, म्हणजे आबांना आतून दिसत होता तसा. उजव्या टोकाला गेले आणि 'य' घेतला.